साइड मार्जिन, आरजी, पोडियम: इमारतीबाहेरची मापं कशी वाचायची

ठाण्यातलं नौपाडा, पाचपाखाडी, खाडीपलीकडे नवी मुंबईत वाशीचे जुने सेक्टर, जिथे जावं तिथे सध्या पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. बिल्डरचा प्रस्ताव आला की पहिला प्रश्न ठरलेला: कार्पेटवर, म्हणजे घरातल्या वापरायच्या जागेवर, किती टक्के जादा? मग कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारा एकरकमी निधी, मग भाडं, मग पार्किंग, मग चहा. दरम्यान पडद्यावर एक देखणं चित्र असतं. त्यात इमारतीच्या चारही बाजूंना हिरवळ असते आणि शेजारची सोसायटी जादू केल्यासारखी गायब झालेली असते.

त्या चित्राऐवजी एक रुक्ष कागद मागायला हवा, तो म्हणजे लेआऊटची शीट. आपल्या भूखंडावर इमारत नेमकी कुठे उभी राहणार, कुंपणापासून किती आत, गाडी कुठून शिरणार, मोकळी जमीन कुठे उरणार, हे त्यावर मीटरमध्ये लिहिलेलं असतं. फरशी पुढे बदलता येते, खिडक्या बदलता येतात, लिफ्टसुद्धा नवी बसवता येते. कुंपण आणि भिंत यांच्यातलं अंतर एकदा ठरलं की पुढची चाळीस-पन्नास वर्षं तेच.

ही मापं ठरवतं कोण?

मुंबई महापालिकेचा भाग आणि काही मोजके अपवाद वगळले तर महाराष्ट्रातल्या शहरांना डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. तिचं लांबलचक नाव ‘एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली’, पण सगळे तिला युडीसीपीआर म्हणतात. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका तिच्यात येतात. आगीच्या बाबतीत तिच्या जोडीला राष्ट्रीय इमारत संहिता आहे आणि २००६ चा महाराष्ट्राचा अग्निसुरक्षा कायदा आहे. एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी पर्यावरण मंजुरीही घ्यावी लागते. नवी मुंबईत बहुतेक जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे तिथे सिडकोची ना-हरकत हा आणखी एक टप्पा येतो.

नियमांचं पुस्तक जाडजूड आहे. पण सोसायटीच्या सभासदाला त्यातल्या चार-पाच गोष्टी कळल्या तरी काम भागतं.

एफएसआय सांगतो किती, कुठे ते सांगत नाही

एफएसआय म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. तो पिठाच्या गोळ्यासारखा असतो. तेवढ्याच गोळ्याची भाकरी जाड थापा नाहीतर पातळ, पण उलथनं घालायला तव्याच्या कडेला जागा ठेवायची की नाही, हे गोळा सांगत नाही. ते लेआऊट सांगतो.

ठाणे आणि नवी मुंबईसारख्या महापालिकांत, दाट वस्ती म्हणून आखलेला भाग सोडून, मूळ एफएसआय १.१ आहे. त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय आणि बाहेरून विकत आणायचा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क. हे दोन्ही किती मिळणार ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर १.१ वरच थांबायचं. ९ ते १२ मीटरला एकूण २.०, पुढे रस्ता रुंदावेल तसं वाढत ३० मीटर आणि वरच्या रस्त्याला ३.०. याच्या वर निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत ‘अ‍ॅन्सिलरी’ म्हणजे पूरक क्षेत्र मिळतं. जुन्या ठाण्यातल्या सभांमध्ये ‘आपला रस्ता नऊ मीटर भरतो का’ यावरून आवाज का चढतात, ते आता लक्षात येईल. टेप घेऊन रस्ता मोजणारे काका प्रत्येक गल्लीत एक तरी असतातच.

जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला आणि क्लस्टरला, म्हणजे अनेक इमारतींच्या एकत्रित विकासाला, याखेरीज वेगळ्या सवलती आहेत. त्या इथे बाजूला ठेवू, कारण मला बोलायचंय ते पिठाबद्दल नाही, तव्याच्या कडेबद्दल.

साइड मार्जिन: उंची भागिले पाच

इमारत आणि कुंपण यांच्यात सोडायच्या मोकळ्या पट्टीला मार्जिन म्हणतात. बाजूच्या आणि मागच्या मार्जिनचा ढोबळ नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: इमारतीच्या उंचीला पाचने भागा. ३० मीटर उंचीला ६ मीटर, ४५ मीटरला ९ मीटर. गावठाण आणि दाट वस्तीच्या भागांना मापं वेगळी आणि कमी आहेत.

एक उदाहरण घेऊ. भूखंड २५ मीटर रुंद, ४० मीटर खोल, म्हणजे १,००० चौरस मीटर. जुन्या ठाण्यात हे काही छोटं प्रकरण नव्हे. रस्ता ९ मीटरचा, म्हणजे एफएसआय २.०, अ‍ॅन्सिलरी धरून ३,२०० चौरस मीटर बांधकाम. इमारत ३० मीटर उंच धरली तर दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर गेले. २५ पैकी उरले १३. मागे ६ आणि समोर समजा साडेचार सोडले तर खोली उरते साडेएकोणतीस. म्हणजे एका मजल्याला साधारण ३८४ चौरस मीटर. ३,२०० भागिले ३८४, नऊ मजले आणि खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांवरचा मोकळा पार्किंगचा मजला. बरोबर ३० मीटरच्या आसपास. गणित जुळलं.

आता कुणी सभेत म्हणालं, ‘अजून पाच मजले चढवा, सभासदांना दहा टक्के जादा द्या’, तर उंची ४५ मीटर होते, मार्जिन ९ मीटर होतं आणि २५ मीटरच्या भूखंडात इमारतीला उरतात सात मीटर. सात मीटरमध्ये इमारत नाही, कपाट उभं राहतं. मग उपाय काय काढतात? मार्जिनमध्ये सवलत मागतात. तसा अधिकार नियमावलीने आयुक्तांना दिलेला आहे. खरी अडचण असेल तर शिथिलता मिळते, प्रीमियम भरून. अट अशी की आरोग्य, आगीपासून सुरक्षितता आणि इमारतीची मजबुती यांना बाधा येता कामा नये. प्रस्तावातलं ‘टक्के जादा’ कुठून येतंय हे बघायचं असेल तर आधी इथे बघा. बऱ्याचदा ते तुमच्याच खिडकीबाहेरून येतं.

‘जुन्या बिल्डिंगला तर पाचच फूट होते, काही अडलं नाही’

हा आक्षेप हमखास येतो आणि तो खोटा नाही. पण जुनी इमारत तळमजला अधिक तीन होती. उंची बारा मीटर, आणि शेजारचीही तेवढीच. अंतर कमी असलं तरी ऊन तिरकं आत यायचं.

ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस इथे भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे ३० मीटर उंच इमारतीची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे २८ मीटर पडते. दोन शेजारी इमारतींनी प्रामाणिकपणे सहा-सहा मीटर सोडले तर मधलं अंतर १२ मीटर. उत्तरेकडच्या इमारतीच्या खालच्या पाच-एक मजल्यांना त्या दिवसांत दुपारचं थेट ऊन मिळत नाही. हे नियम पाळल्यावरचं चित्र आहे. दोघांनीही सवलत घेऊन अंतर आठ मीटरवर आणलं की सावली आणखी दीड मजला वर चढते.

ठाण्याच्या उकाड्यात ऊन हवंय कुणाला, असं कुणी म्हणेल. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा बाजूच्या इमारतीने तसाही फार फरक पडत नाही. खरा हिशोब पावसानंतरचा. ऑक्टोबरात भिंतींची ओल ओढून घ्यायला ऊन आणि वारा लागतो. तो नसेल तर कपाटामागे बुरशी, गाद्यांना वास आणि दोरीवर तीन दिवस तेच टॉवेल. बाथरूम-किचनच्या डक्टबद्दल वेगळं सांगत नाही. अरुंद डक्ट शेवटी कबुतरांच्याच मालकीचा होतो.

बंब आत येईल का?

इथे मात्र जरा थांबू, कारण मार्जिनचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे.

उंच इमारतीभोवतीची ६ मीटरची पट्टी ही अग्निशमन दलाच्या बंबाची वाट असते. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की तिथली जमीन कडक पृष्ठभागाची हवी, ४५ टन वजनाचा बंब पेलणारी हवी आणि वळणाची त्रिज्या किमान ९ मीटर हवी. खाली पाण्याची टाकी किंवा बेसमेंट असेल तर त्याच्या स्लॅबनेही हे वजन पेललं पाहिजे. मुख्य प्रवेश ६ मीटरपेक्षा अरुंद नको. फाटक उघडल्यावर कुंपणाच्या भिंतीला टेकून बसायला हवं, म्हणजे वाटेत आडवं येणार नाही. आणि फाटकावर कमान बांधायची असेल तर खाली साडेचार मीटर मोकळी उंची हवी.

घोडबंदर रोडने जाताना संकुलांच्या कमानी एकदा या नजरेने बघा. कारंजं, मधोमध सिक्युरिटीची केबिन, दोन्हीकडे पामच्या कुंड्या. केबिनच्या दोन अंगांना तीन-तीन मीटरच्या दोन वाटा. बेरीज सहा भरते, पण बंब अर्धा एका बाजूने आणि अर्धा दुसऱ्या बाजूने जात नाही.

मग रोजचा वापर. सुरुवातीला मोकळी असलेली पट्टी वर्षभरात भरते: पाहुण्यांच्या गाड्या, नळकाम करणाऱ्यांचं सामान, कचऱ्याचे डबे, आणि भाद्रपदात मंडप. गणपती बसवू नका असं कुणी म्हणणार नाही. पण मंडप कुठे लागणार हा प्रश्न लेआऊट ठरतानाच विचारला तर त्याला मोकळ्या मैदानात जागा काढता येते. इमारत उभी राहिल्यावर बंबाची वाट एवढी एकच जागा उरते. वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ सोसायटीला द्यावा लागतो. त्या वेळी पंप आणि होज तपासतात, तसं एखाद्याने चालत जाऊन पट्टीही मोजावी.

आरजी: मोकळी जमीन, आणि ती कुठली

भूखंड ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल तर १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. बोलताना तिला आरजी म्हणतात. मुलांचं खेळणं, आजी-आजोबांचे बाक, मंडप हे सगळं तिथलं.

मग आपल्या १,००० चौरस मीटरच्या सोसायटीचं काय? तिला हा नियम लागूच होत नाही. म्हणजे छोट्या भूखंडावर मार्जिन हीच काय ती मोकळी जमीन. म्हणून तिथे मार्जिनमधला एकेक फूट मोठ्या संकुलापेक्षा मोलाचा, आणि सवलतही नेमकी तिथेच सर्रास मागितली जाते.

‘पोडियमवर बाग देतोय ना’

पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची मोठी गच्ची. तिच्यावर लॉन, जॉगिंग ट्रॅक, पोहण्याचा तलाव. वाईट अजिबात नाही. गाड्यांपासून दूर असल्याने लहान मुलांना बरंच. पण ती जमिनीची जागा घेऊ शकत नाही. मातीचा थर मर्यादित, त्यामुळे झुडपं येतात, आंबा-पिंपळ येत नाही. पाऊस जिरत नाही. आगीच्या वेळी खालून बाहेर पळालेली माणसं जमायला ती उपयोगाची नाही.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या नियमांबाबत हाच मुद्दा स्पष्ट केला होता: नियमाने ठरवलेली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची जागा त्याहून वेगळी. तो निकाल मुंबईच्या नियमावलीवरचा आहे, ठाण्याची नियमावली निराळी. पण त्यातला प्रश्न आपल्या सभेत जसाच्या तसा विचारता येतो. जाहिरातीत लिहिलेल्या ‘अमुक एकर मोकळी जागा’ पैकी जमिनीवर किती आणि स्लॅबवर किती?

बेलापूरचं कलाग्राम, ज्याला सगळे आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, ते या संदर्भात बघून यावं. चार्ल्स कोरिया यांनी सिडकोसाठी १९८० च्या दशकात आखलेली ही बैठी वसाहत. सात-सात घरं साधारण ८ बाय ८ मीटरच्या एका अंगणाभोवती, असे तीन गट मिळून १२ बाय १२ मीटरचं मोठं अंगण. नंतर लोकांनी घरं वाढवली, मजले चढवले, काही पाडून नवी बांधली. अंगणं मात्र बरीचशी टिकली, कारण ती कुणाच्या तरी दारासमोर आहेत. कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरशेजारी सोडलेली १० टक्के जागा नियमात बसते, पण तिथे संध्याकाळी कोणी बसत नाही.

गाड्या, पाणी, रॅम्प

एका गाडीच्या जागेचं माप अडीच बाय पाच मीटर. पण आत-बाहेर काढायला लागणारी वाट धरली तर एका गाडीला २५ चौरस मीटरच्या आसपास जमीन जाते. वरच्या उदाहरणातल्या ३८४ चौरस मीटरच्या स्टिल्टमधून जिना, लिफ्ट आणि मीटरची खोली वजा केली की बारा-तेरा गाड्या मावतात. बाकीच्या यांत्रिक पार्किंगमध्ये नाहीतर बेसमेंटमध्ये. खड्डा असलेलं यांत्रिक पार्किंग घेणार असाल तर जुलैत तो खड्डा कोरडा कसा राहणार आणि पंप कुणाच्या खर्चाने चालणार, हे आधीच लिहून घ्या. स्टिल्टमधली जागा बिल्डरला सुटी विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं आहे. २०२४ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, पार्किंगची लांबी, रुंदी, उंची आणि ठिकाण करारात नोंदवायला लावलं आहे.

पाण्याचा हिशोब तोंडी करता येतो. १,००० चौरस मीटर भूखंडावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लाख लिटर पाणी, दहा हजार लिटरचे दहा टँकर. कुंपणापर्यंत सगळं काँक्रीट केलं तर हे सगळं पाणी रस्त्यावर, नाहीतर उताराकडच्या शेजाऱ्याकडे जातं. ५०० चौरस मीटर आणि मोठ्या भूखंडांना पर्जन्यजल संधारण सक्तीचं आहे, पण त्याचा खड्डा नेमका कुठे आणि मातीत उघडतो की नाही, ते शीटवरच दिसतं.

रॅम्पचा उतार एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. ही जागा आधी राखली नाही तर शेवटी पाच-सहा फुटांची एक घसरगुंडी करून मिळते. त्यावरून व्हीलचेअर ढकलायला दोन माणसं लागतात.

‘एवढी जागा सोडली तर घरं महागच होतील’

अंशतः खरं आहे. पण मार्जिन एफएसआय खात नाही, फक्त इमारतीचा आकार बदलतं. खरी पंचाईत अरुंद भूखंडांची आहे, आणि तिच्यावर सवलतीपेक्षा बरा उपाय शेजारीच असतो.

२५ मीटर रुंदीच्या तीन सोसायट्या एका ओळीत आहेत असं धरा. तिघींनी वेगवेगळा पुनर्विकास केला तर प्रत्येकीचे १२ मीटर दोन पट्ट्यांत जातात. तिन्ही मिळून ७५ पैकी ३६ मीटर, सगळे अरुंद बोळात. तिघी एकत्र आल्या तर दोन टोकांना सहा-सहा मीटर पुरतात. उरलेले २४ मीटर मधोमध एकसंध ठेवता येतात, म्हणजे ४० मीटर खोलीचा खराखुरा चौक. बांधकामाला उरलेली ३९ मीटर रुंदी तेवढीच राहते, फक्त ती तीन सळ्यांऐवजी दोन रुंद इमारतींत जाते. बंबाच्या वाटा सोडूनही तळाशी किमान तीनशे-साडेतीनशे चौरस मीटरचं अंगण, झाडं, मंडप सगळं बसतं आणि बंब दोन्ही बाजूंनी फिरतो. अडचण गणिताची नाही. तीन सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना एका टेबलाशी बसवणं, हे काम टीडीआर आणण्याहून अवघड असतं.

शीट हातात आल्यावर काय बघायचं

नकाशावर प्रस्तावित बांधकाम लाल रंगात असतं, पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांत, भूखंडाची हद्द जाड काळ्या रेघेत. मार्जिनला रंग नसतो. म्हणूनच नजर तिथे जात नाही. तर उलटं करा, लाल भाग हाताने झाका आणि कोऱ्या भागात लिहिलेले आकडे वाचा. चारही बाजूंचं मार्जिन इमारतीच्या उंचीच्या पाचव्या भागाशी ताडून बघा. कुठे कमी भरलं तर सवलत मागितली आहे का आणि कशाच्या बदल्यात, हे विचारा. फाटकापासून मागच्या कोपऱ्यापर्यंत बोटाने बंबाची वाट काढा. वाटेत ट्रान्सफॉर्मर, पार्किंगचा चौकोन किंवा क्लबहाऊसची पायरी आडवी आली तर तिथे पेनने गोल करा. टाक्या, कचऱ्याची जागा आणि पर्जन्यजलाचा खड्डा सापडला नाही, तर तो नंतर बंबाच्या वाटेतच खणला जाणार असं समजा.

नव्या खरेदीदाराला हे घरबसल्या जमतं. जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा आहे आणि त्यावरून प्रकल्पाची नोंदणी आणि मंजूर नकाशे उघडता येतात. मंजूर लेआऊट आणि सामायिक जागांत पुढे बदल करायचा झाला तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे किमान दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

पुनर्विकासातल्या जुन्या सभासदांचा मुख्य आधार असतो विकास करारनामा. त्याला बहुधा घरांचे नकाशे जोडलेले असतात, लेआऊट नाही. ती शीट मापांसह जोडायला लावा आणि एक कलम घाला: सुधारित नकाशा महापालिकेत दाखल करण्याआधी कोणतंही मार्जिन, आरजी किंवा बंबाची वाट बदलत असेल तर सर्वसाधारण सभेची लेखी मंजुरी लागेल. सुधारित नकाशे येतातच. कधी वाढीव टीडीआर मिळतो, कधी पार्किंग कमी पडतं, कधी नियमच बदलतो. एखादा मजला वाढला तर तो नजरेत भरतो, पण कुंपणाकडून दीड मीटर आत सरकलेली रेघ फक्त त्या कागदावर दिसते, आणि तो कागद तोवर बिल्डरच्या वास्तुविशारदाकडे असतो.